"त्यांना काय, बाहेर सगळं मोकळंच असतं"

आत्ताच सोसायटीच्या मीटिंगमधून वर आले. डोकं इतकं तापलंय की जेवायला बसण्याआधी हे लिहून काढते. ठराव झाला: यापुढे खालच्या मैदानात फक्त सभासदांची मुलं खेळतील. म्हणजे वॉचमनची आणि कामाला येणाऱ्या बायकांची पोरं नकोत. वर एक काका म्हणाले, "त्यांना काय, बाहेर सगळं मोकळंच असतं. ती पोरं मुळातच काटक."

कुठे असतं हो मोकळं? वस्तीतल्या गल्लीत समोरून बाइक आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. शाळेला मैदान हवं, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. आमच्या इथल्या पालिकेच्या शाळेत मैदान म्हणजे फरशी घातलेला चौक, त्यातही एका कोपऱ्यात मोडके बाक रचलेले.

त्याच शाळेत गेल्या महिन्यात खेलो इंडियाच्या फिटनेस चाचणीला मी मदतीला गेले होते. चौथीच्या मुलांना ६०० मीटर धावायचं होतं. शाळेत जागाच नाही, म्हणून सकाळी साडेआठला रांगेने जवळच्या मैदानावर नेलं. स्टॉपवॉच माझ्या हातात. माझ्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताईंची मुलगी याच वर्गात. पायात दादाचे कॅनव्हासचे बूट, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती, मुलांच्याही. दुसऱ्या फेरीत वळणावर पोट धरून मटकन खाली बसली.

"सकाळी काय खाल्लंस गं?"

"चहा."

"आणि?"

"चहाच, काकू."

शाळेची खिचडी मधल्या सुट्टीत. कागदावर ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. ती पोटात जायच्या आधीच आम्ही तिला पळवलं. तक्त्यात तिच्या नावापुढे "अपूर्ण" लिहिलं. मी लिहिलं, माझ्या हाताने.

माझा मुलगाही चौथीत. तो ६०० मीटर आरामात धावतो. आठवड्यातून तीन दिवस फुटबॉलचा क्लास, निघताना केळं, आल्यावर दूध-अंडं, पायात मापाचे बूट. त्याच्या दमसासात आमचे दोन पगार आहेत. आपलीही मुलं मोबाइलला चिकटलेली असतात, दोन जिने चढले की धापा टाकतात, मान्य. पण आपल्याला क्लास विकत घेता येतो.

आणि कृपा करून कविता राऊत आणि अविनाश साबळेची उदाहरणं देऊ नका. मलाही त्यांचा मनापासून अभिमान आहे. सावरपाड्याच्या कविताने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं, बीडमधल्या मांडव्याच्या अविनाशने २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्य. पण त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्या लेकरांच्या उपाशी पोटाला आपण काटकपणा म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, या वयात रोज किमान ६० मिनिटं अंगाला घाम येईल अशी हालचाल हवी. या पोरीची साठ मिनिटं कुठून आणायची? आई चार घरची कामं उरकेपर्यंत धाकट्याला तीच सांभाळते. नळाला पाणी आलं की हंडे तीच भरते. संध्याकाळी आईबरोबर इथे येते, ताई माझ्या ओट्यापाशी उभ्या असतात तेवढा अर्धा तास खाली खेळते. दिवसभरात तिचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ. आज हात वर करून आपण तोच काढून घेतला.

मेंटेनन्स आपण भरतो, कुणाला लागलं-खुपलं तर जबाबदारी कुणाची, हे प्रश्न खोटे नाहीत. बसून सोडवू. पण एक घसरगुंडी आणि थोडी माती वाटून घेतली तर आपलं काय कमी होणार आहे?

रागाच्या भरात मीटिंगमध्ये मी जरा जास्तच बोलले. काका वयाने मोठे आहेत, उद्या त्यांच्याकडे जाऊन येईन. आवाज चढवला त्याची माफी मागेन, पण जे बोलले ते मागे घेणार नाही.

मघाशी ताईंना फोन करून मुलीच्या बुटाचं माप विचारलं. त्या म्हणाल्या, "माप कुणाला ठाऊक ताई, दादाचेच घालते ना ती." म्हणून उद्या तिला घेऊन दुकानात जाणार आहे. संध्याकाळी सहाला ती माझ्या मुलाबरोबर खाली खेळेल, माझी पाहुणी म्हणून. कुणाची हरकत असेल तर वॉचमनला सांगू नका, त्या पोरीला तर नाहीच. माझ्या दारची बेल वाजवा.