खुलासा : दारूचं असं एकच जनुक नाही
जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय : ‘दारूचं जनुक सापडलं. बाप पिणारा तर पोरगा पिणारच, अशा घरी मुलगी देऊ नका.’ हे चूक आहे, आणि थेंबालाही न शिवणाऱ्या कितीतरी पोरांवर अन्याय करणारं आहे.

जुळ्यांच्या अभ्यासांत व्यसनाच्या धोक्यातला साधारण ५० टक्के फरक आनुवंशिक दिसतो. पण तो समूहाचा हिशेब, एका पोराचं भाकीत नव्हे. धोका असंख्य जनुकांत विखुरलेला, एकेकाचा वाटा बहुधा बारीक. म्हणूनच संशोधक एकत्र काम करणाऱ्या जनुकांचे गट तपासतात : दारू पचवणारी, मेंदूत ‘गाबा’चे (मेंदू शांत करणाऱ्या रसायनाचे) संदेश नेणारी. दारू पचवणाऱ्यांपैकी एडीएच१बी या जनुकाचं एक रूप तर उलट धोका कमी करतं! कोण व्यसनी होणार हे खात्रीनं सांगणारी रक्ततपासणी आज नाही.