उचलून नेणं म्हणजे दाखल करणं नव्हे

माणूस तीन रात्री झोपलेला नाही. जेवणात विष कालवलंय म्हणून उपाशी आहे, डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर धावून येतो. घरचे हवालदिल होतात आणि कुणीतरी एक नंबर देतं. पैसे ठरतात, गाडी येते, चार दणकट माणसं हातपाय बांधून त्याला घेऊन जातात. बरेचदा नेतात ते एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात, जिथे मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो.

घरच्यांची दमछाक मला कळते. तरीही हे थांबायला हवं, कारण यात जीव जातात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी त्याला भ्रम होतात, अंग थरथरतं, घाम सुटतो, फिट येऊ शकते. तो 'वेडा' झालेला नसतो. त्याला सलाइन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि नीट लक्ष ठेवणारा वॉर्ड लागतो. म्हाताऱ्या माणसाचंही तसंच. काल ठीक असलेले आजोबा आज अचानक बरळू लागले, मधेच शुद्धीवर आले, पुन्हा भरकटले, तर आधी साखर, सोडियम, लघवीतला जंतुसंसर्ग तपासायचा. बंद खोलीत कोंडलं की हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

इच्छेविरुद्ध दाखल करण्याचा कायदेशीर रस्ता आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ८९. अर्ज रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याने आपल्या वतीने ठरवायला नेमलेला माणूस, करतो. रुग्णाने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक. त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (उदा. मानसशास्त्रज्ञ) किंवा डॉक्टर चालतो. दोघांचंही मत पडायला हवं की आजार इतका तीव्र आहे की रुग्णाने नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली, किंवा तो दुसऱ्यावर हिंसक झाला, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने त्याला इजा होण्याचा धोका आहे. शिवाय दाखल करण्यापेक्षा सौम्य उपाय उरलेला नसावा. मुलगी मनाविरुद्ध लग्न करतेय, भाऊ जमिनीच्या कागदावर सही करत नाही, या कारणांना इथे जागा नाही.

मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो, त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ३० दिवसांनंतर कलम ९० लागतं आणि तिथे दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी लागते.

मग आज रात्री काय करायचं? जिवाला धोका असेल तर कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत आणीबाणीचे उपचार देऊ शकतो. म्हणजे जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. रुग्ण घरातून हलतच नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. पोलीस त्याला कोठडीत ठेवू शकत नाहीत. ताब्यात घेतल्यावर २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे. नेताना डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एका कागदावर तारखांसकट घटना लिहून न्या. "विचित्र वागतो" यातून डॉक्टरला काही कळत नाही. "सोमवारपासून झोप दोन तास, बुधवारी गॅस उघडा ठेवला" यातून कळतं. बाहेर थांबलेल्या घरच्यांसाठी १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे.

चहात गुपचूप औषधाचे थेंब घालणं हा दुसरा सर्रास प्रकार. काही दिवस शांतता मिळते, पण मान किंवा जबडा आखडला की रुग्णाला कारण सांगता येत नाही, आणि एक दिवस त्याला कळतंच. ज्याला आधीच विषाची शंका आहे, त्याची शंका तुम्ही खरी करून दाखवलेली असते.

घरी आल्यावर सगळं बिघडतं ते "आता बरा आहे" म्हणून गोळ्या बंद केल्याने. सायकोसिसचा (भास-भ्रमाच्या आजाराचा) पहिला झटका असेल तर औषध किमान वर्ष-दोन वर्षं चालतं. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) सुरू असेल तर शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्तातली पातळी तपासायची, आणि अंगदुखीसाठी मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. त्याने पातळी चढते. हात जास्त थरथरणं, जुलाब, जीभ अडखळणं दिसलं तर पुढचा डोस न देता थेट रुग्णालय गाठा.

आणि माणूस स्थिर असताना त्याच्याशी बसून बोला: पुन्हा असं झालं तर तुझ्या वतीने कोण ठरवेल? साध्या कागदावर ते नाव लिहून त्याची सही किंवा अंगठा पुरतो. त्याने बायकोऐवजी मित्राचं नाव लिहिलं तरी भांडू नका; ते नाव निवडण्याचा आणि पुढे कधीही बदलण्याचा हक्क त्याचाच आहे. मूळ कागद रुग्णाकडे ठेवा, एक प्रत त्या प्रतिनिधीकडे आणि एक उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या फाइलमध्ये.