खरा फरक वायरीचा

अपकन्व्हर्टिंग प्लेअर, म्हणजे डीव्हीडीचे चित्र एचडी पडद्याच्या मापाचे करून देणारा प्लेअर, घेतला की जुनी डीव्हीडी एचडी होते, हे एका लेखातील विधान मला पटले नाही. आपल्याकडील पाल (भारतातील टीव्हीची जुनी चित्रपद्धत) डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात, तर फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०. उरलेले बिंदू प्लेअर केवळ अंदाजाने भरतो, आणि हे काम टीव्ही स्वतःही करतोच.

साकोलीजवळच्या आमच्या गावी बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी आधी पिवळ्या पिनेच्या वायरीने आणि नंतर एचडीएमआयने, म्हणजे चित्र डिजिटल स्वरूपात नेणाऱ्या वायरीने, लावून पाहिली, तेव्हा लाल शालूच्या काठावर सरकणारे ठिपके तेवढे गेले. मांडवात मागे बसलेल्या मामांचा चेहरा मात्र होता तसाच पुसट राहिला. त्यामुळे जुन्या प्लेअरला एचडीएमआय असेल, तर नव्यावर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.