ऊन पडलंय, उठा!

आमच्या घरात ऊन पडलं की भांडण होतं. पाऊस असला की सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. मी सोफ्यावर, बायको फोनवर, लेक तिच्या खोलीत. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी पडद्याच्या फटीतून पिवळी तिरीप आत आली रे आली, की बायको माझं पांघरूण ओढते. "ऊन पडलंय, उठ! घरात काय लोळत बसायचं?"

साताऱ्यात माझं अख्खं बालपण याच्या बरोबर उलटं वाक्य ऐकण्यात गेलं. "उन्हात कुठे निघालास? घरात बस!" मे महिन्याच्या दुपारी अंगणात दिसणारं पोर वाया गेलेलं तरी असायचं किंवा पाहुण्यांचं तरी. इकडे इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाउमध्ये बारा वर्षं काढल्यावर कळलं, की ऊन इथे लग्नाच्या आमंत्रणासारखं येतं. गेलं नाही तर लोक नावं ठेवतात. सुट्टीनंतर ऑफिसात पहिला प्रश्न हाच, "मग, उन्हात काय केलंस?" "झोपलो" म्हणालो तर समोरचा असा बघतो, जणू मी पंढरपूरला जाऊन लॉजवर टीव्ही बघत बसलो होतो.

म्हणून मी सगळं केलेलं आहे. पार्कात शेगडी पेटवून, एका हातात छत्री धरून मक्याची कणसं भाजलीत. जून महिन्यात शेतावर जाऊन स्ट्रॉबेऱ्या तोडल्यात. हा इथला लाडका उद्योग. शेतकऱ्याच्या रानात आपणच ओणवं व्हायचं, आपणच फळं तोडायची, आणि बाहेर पडताना पैसेही आपणच मोजायचे. यंदा आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते, त्यांनाही नेलं. आईने दोन सरींत टोपली भरली, कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, महाबळेश्वरला तोडणाऱ्या बायकांना रोज देतात. इथे आपणच रोज द्यायचा होय?"

पण खरी कसोटी लागते ती ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला. ही सुट्टी १८७१ साली सर जॉन लबक नावाच्या खासदारांनी कायदा करून मिळवून दिली. गृहस्थ स्वतः बँकवाले, पण जीव सगळा किड्यामुंग्यांत. त्यांनी एक गांधीलमाशी पाळली होती आणि ती त्यांच्या हातावर बसून खायची, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. (हे गृहस्थ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.) पूर्वी ही सुट्टी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी असे. पुढे सरकारने ती महिन्याच्या टोकाला ढकलली आणि १९७१ च्या कायद्याने तिथेच कायम केली. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी अशा बेताने ठेवली, की ती येईपर्यंत उन्हाळा निघून गेलेला असावा. यानंतरची सुट्टी थेट नाताळात. त्यामुळे गणपतीला अख्खी मुंबई कोकणात निघते, तसा त्या दिवशी अख्खा देश समुद्राकडे निघतो.

आम्ही दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला निघालो.

आदल्या रात्री बायकोने फोनवर हवामानाची तीन ॲप पाहिली. एकात पाऊस होता, एकात ढग, एकात ढगाआडून डोकावणारा सूर्य. तिने पहिली दोन काढून टाकली. मग आईने पहाटे पाचला उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि साताऱ्याहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली साखरआंब्याची बरणी काढली. मी म्हणालो, "आई, तिथे सगळं मिळतं." आई म्हणाली, "मिळतं, पण खाववत नाही."

लंडनभोवती एम पंचवीस नावाचा गोल रस्ता आहे, ११७ मैलांचा. आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी लोक शहराला घालतात, फरक एवढाच की इथे मध्येच उभं राहावं लागतं. एका जागी पाऊण तास उभे राहिल्यावर बाबा म्हणाले, "काही अपघात वगैरे?" मी म्हणालो, "नाही, ऊन पडलंय." ब्रायटनला पोहोचल्यावर पार्किंग शोधण्यात आणखी तासाभराचा निकाल लागला. दिवसभराचा दर वाचून बाबांनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. त्यांचे ओठ हलताना दिसले. उत्तर आलं तेव्हा ते गाडीतच थांबतो म्हणाले. एवढे पैसे भरलेत, तर गाडीत कुणीतरी राहायला नको का? कसंबसं त्यांना बाहेर काढलं.

ब्रायटनचा समुद्र सुंदर आहे, यात वाद नाही. १८९९ साली उघडलेला मोठा पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला धक्का, त्यावर पाळणे, दिवे, माणसांचा महापूर. फक्त वाळू नाही. किनारा म्हणजे मैलोन्‌मैल गोटे. आपल्या नदीत असतात तसे गुळगुळीत, बटाट्याएवढे, अंड्याएवढे, क्वचित नारळाएवढे. त्यांच्यावरून चालताना माणसाची सगळी अदब निघून जाते. मी एक पाऊल पुढे टाकलं की दीड मागे घसरत होतो. आईने साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेले, त्यामुळे ती तुरुतुरु पुढे गेली आणि आम्ही चौघे, मद्यपी मंडळाच्या वार्षिक सहलीसारखे, मागून.

सतरंजी अंथरली. सतरंजीला वाटतं आपण सपाट आहोत, खालच्या गोट्यांना तसं वाटत नाही. कुठेही टेकलं तरी एक गोटा नेमका मणक्याचं नाव घेऊन वर येतो. शेजारी एक सत्तरीचं इंग्रज जोडपं होतं. त्यांची तयारी बघून मी ओशाळलो. वारा अडवायला खुंट्या ठोकून ताणलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, घडीच्या खुर्च्या, दोन थर्मास, शब्दकोडं, आणि गुडघ्यांवर लोकरीची शाल. अंगात पोहण्याचे कपडे. वरून शाल आणि खाली पोहण्याचे कपडे, हा इंग्लिश उन्हाळ्याचा अधिकृत गणवेश असावा. आजीबाईंनी आमच्याकडे बघून मान हलवली. "लव्हली डे." मी आकाशाकडे बघितलं. ते पातेल्याच्या बुडाच्या रंगाचं होतं. "लव्हली," मी म्हणालो.

लेकीच्या हट्टापायी मी पाण्यात गेलो. ऑगस्टात इथलं पाणी १७-१८ अंशांवर असतं आणि इंग्रज लोक याला वर्षातलं सर्वांत गरम पाणी म्हणतात. घोट्यापर्यंत गेलो तेव्हा पाय दुखले. गुडघ्यापर्यंत गेलो तेव्हा दुखायचे थांबले, कारण ते आहेत की नाहीत हेच कळेना. शेजारचे आजोबा मात्र शब्दकोडं खाली ठेवून उठले, माझ्या बाजूने पाण्यात शिरले आणि "एकदा आत गेलं की छान वाटतं" असं म्हणत दिसेनासे झाले. मी दोन्ही हात छातीशी घेऊन उभा होतो. काठावरून आई ओरडली, "अरे, सर्दी होईल!" बेचाळिसाव्या वर्षी आईचं ऐकण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आता डबा. इथे दोन शत्रू असतात, एक वरून येणारा आणि एक तिरका येणारा.

वरचा म्हणजे सीगल. समुद्रपक्षी म्हटलं की आपल्याला कवितेतलं काहीतरी पांढरंशुभ्र आठवतं. हा कोंबड्याहून दांडगा, पिवळ्या डोळ्यांचा, पोलिसी नजरेचा प्राणी असतो. ब्रायटनच्या फुटबॉल संघाचं टोपणनावच सीगल्स, तेव्हा तक्रार करायची कुणाकडे? लेकीने शाळेत शिकलेलं ज्ञान पाजळलं. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये चिप्सची पिशवी ठेवून प्रयोग केले आणि त्यांना आढळलं, की माणूस टक लावून बघत असेल तर सीगल खाण्याजवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेतो. हे ऐकून सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. त्यांच्या नुसत्या बघण्याने नववी ब गप्प बसायची. बाबांनी चष्मा पुसला आणि समोरच्या सीगलवर नजर रोखली. सीगल थबकला. मान तिरकी केली. दोन पावलं मागे सरला. मला तो गृहपाठ विसरल्यासारखा वाटला.

दुसरा सीगल मागून आला. बाबांच्या हातातली पुरी भाजीसकट गेली. बाबा कितीतरी वेळ रिकाम्या बोटांकडे बघत होते. "पाठीमागच्या बाकावरचा होता," एवढंच म्हणाले.

हा गोंधळ चालू असताना आईने साखरआंब्याची बरणी उघडली आणि तिरका शत्रू आला. गांधीलमाश्या. ऑगस्ट संपत आला की यांच्या पोळ्यातली पिल्लं मोठी होतात. तोवर त्या पिल्लांना किडे भरवायच्या आणि त्याबदल्यात पिल्लांच्या तोंडून गोड रस मिळवायच्या. पिल्लं संपली, रस संपला, आणि लाखो बेकार गांधीलमाश्या गोडाच्या शोधात नेमक्या बँक हॉलिडेला बाहेर पडतात. सुट्टी देणारे साहेब गांधीलमाश्या पाळायचे, हे आठवलं तेव्हा मला या सगळ्यात योगायोग दिसेना. सुट्टी नक्की कुणासाठी काढली होती?

एक आली, मग चार, मग पूर्ण खातं. बायको उभी राहून दुपट्टा फिरवायला लागली, लेक किंचाळत गोट्यांवरून धावली, मी बरणीचं झाकण शोधत होतो आणि झाकणावरच तिघीजणी बसल्या होत्या. आई एकटी शांत. तिने चमचाभर साखरआंबा काढला, दहा पावलांवर एका गोट्यावर ठेवला आणि परत आली. "त्यांचा नैवेद्य दाखवला. आता जेवा." सगळ्या गांधीलमाश्या तिकडे गेल्या. शेजारच्या आजीबाईंनी शाल सावरून टाळ्या वाजवल्या.

आणि मग पाऊस आला.

महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हा पाऊस म्हणजे कुणीतरी वरच्या मजल्यावर ओली साडी झटकल्यासारखा. पण गार, आणि वाऱ्याबरोबर आडवा. मी भराभरा डबे आवरले. मग लक्षात आलं की आवरणारा मी एकटाच आहे. हजारो माणसं जागच्या जागी. कुणी टॉवेल डोक्यावर घेतला, कुणी आइस्क्रीमवर हात धरला. शेजारच्या आजोबांनी शब्दकोडं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीवरूनच सोडवायला घेतलं. "पाच मिनिटांत जाईल," आजीबाई म्हणाल्या. पाऊण तास पडला.

त्या पाऊण तासात पाच माणसं दोन छत्र्यांखाली बसली. बाबांनी वेळ सत्कारणी लावला. पार्किंग शोधत असताना त्यांना वाटेत रॉयल पॅव्हिलियन नावाच्या राजवाड्याचे घुमट दिसले होते. ताजमहाल आणि लाल किल्ल्याच्या मधलं काहीतरी, जॉन नॅश नावाच्या वास्तुविशारदाने राजपुत्राच्या हौसेखातर बांधलेलं. बाबांना तो आतून बघायचा होता. पण ऊन पडल्यामुळे आत जायला बंदी होती. बायकोची. आता त्यांनी त्याची भरपाई केली. याच गावात पाटण्याच्या दीन महंमद नावाच्या माणसाने स्नानगृह काढलं, वाफ देऊन लोकांचं अंग रगडलं, आणि चौथ्या जॉर्ज राजाचा अधिकृत 'शॅम्पू वैद्य' होऊन बसला. शॅम्पू हा शब्दच मुळी आपल्या चंपीचा. आई पदराने डोकं पुसत म्हणाली, "मग बरोबर. इथे भिजल्यावर कुणीतरी डोकं चोळून द्यायलाच पाहिजे."

आजीबाईंनी दुसरा थर्मास उघडून आईला चहा दिला. आईने बदल्यात पुरी दिली. आईचं इंग्रजी आणि आजीबाईंचं मराठी सारखंच, तरी दोघी अर्धा तास बोलत होत्या. विषय गुडघे असावा, कारण दोघी आळीपाळीने दाखवत होत्या.

पाच वाजता आवरायला घेतलं तेव्हा आईच्या हातात एक गोटा होता. लांबट, काळसर, मुठीत बरोबर मावणारा. "बघ, आलं ठेचायला किती सुरेख आहे. आपल्या खलबत्त्याचा बत्ता गेल्या वर्षीपासून नाही."

लेक लगेच पुढे. "आजी, नाही न्यायचा! इथले गोटे नेणं कायद्याने गुन्हा आहे. १९४९ चा किनारा संरक्षणाचा कायदा. सगळ्यांनी एकेक नेला तर समुद्र रस्त्यावर येईल."

आईने गोटा उलटासुलटा करून बघितला. "आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली होती ना इथून? लंडनवाल्यांनी दिली ती काय म्हणून दिली?"

"तीन वर्षांसाठी. उसनी," मी म्हणालो.

"मग मीही तीन वर्षांसाठीच नेतेय."

हसून विषय संपला. तिने गोटा खाली ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला. परतीच्या वाटेवर एम पंचवीसवर पुन्हा उभे राहिलो, लेकीने नाक पुसायला आजीच्या पिशवीत हात घातला, आणि रुमालाऐवजी तो हाताला लागला. मागे वळायला पुढचा फाटा चार मैलांवर होता आणि आम्ही अर्ध्या तासात चारशे फूट सरकलो होतो.

लेकीने चिप्सच्या कागदाची कोरी बाजू शोधली आणि करार लिहायला घेतला. एक नग गोटा, मुदत तीन वर्षं, उपयोग फक्त आलं ठेचणे, परत आणण्याचा विमानखर्च आजीचा. बाबांनी साक्षीदार म्हणून सही केली. चौथं कलम होतं, शेंदूर लावायचा नाही.

त्यावर मात्र आईने सही करायला नकार दिला. "ते आत्ताच कसं सांगू?" ती म्हणाली. "आधी घरी तर पोहोचू दे."