माझ्या कुंडीला दम, त्यांच्या ट्रॉलीला माफी

काल सकाळी डेंग्यूच्या सर्व्हेवाली ताई आली. फ्रिजमागचा ट्रे ओढून बघितला, कुंडीखालची बशी उपडी केली, आणि बॅरलला झाकण नाही म्हणून मला पाच मिनिटं झाडलं. "आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळायचा, दादा." बरोबर आहे तिचं. पण ताई, जरा कंपाउंडवरनं पलीकडं डोकवा की!

पलीकडं सरकारी आवार. कुठल्या हापिसाचं ते सांगत नाही, उगाच कशाला. विटांवर चढवलेली जीप, चाकं गेलेली कचऱ्याची ट्रॉली, लोखंडी कपाटं, पायमोड्या खुर्च्यांचा ढीग. ट्रॉलीत गुडघाभर हिरवंगार पाणी आणि अळ्यांची जत्रा.

जीप आणून लावली तेव्हा धडधाकट होती, मी डोळ्यांनी बघितलंय. आधी स्टेपनी गेली, मग बॅटरी, मग चाकं. आता बॉनेटमधनं एरंड वर आलाय.

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात! उद्यमनगर इथनं दहा मिनिटांवर. फौंड्रीवाल्यांना भट्टीत घालायला भंगार लागतं. माझं तिथंच लेथचं वर्कशॉप आहे, मशिनखालचा चुरासुद्धा आम्ही झाडून किलोवर विकतो.

चौकशीला गेलो. "निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवलाय." म्हणजे वस्तू निकामी झाली हे कागदावर मान्य करायचं. अडलंय कुठं? डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे हापिसातल्या टिकाऊ सामानाच्या वहीत, खुर्च्या ४२, आवारात ३७. पाचांचा हिशोब लागेना म्हणून सदतीस हलेनात! क्लार्क हळूच म्हणाला, "सही केली आणि ऑडिटला वसुली निघाली तर माझ्या पगारातनं जाणार. दोन वर्षं राहिल्यात रिटायरला." त्याच्या आधीचाही हेच म्हणत रिटायर झाला. खरं सांगू, त्याचा राग येत नाही मला. विकलं तर चौकशी, सडवलं तर कोण विचारतोय? मीही सडवलंच असतं.

एकदा लिलाव लागला होता. मी खुशीत अनामत भरायला गेलो. तर सगळं एकाच लॉटमध्ये, "जसे आहे जेथे आहे" तत्त्वावर. खुर्च्या, ट्यूबच्या पट्ट्या, कॉम्प्युटरची डबडी आणि वर जीप. हातची किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, काढली तेव्हा जीपला बॅटरी होती! कोण खुळा घेतोय? एक बोली आली नाही. मग फेरमूल्यांकन, मग साहेबांची बदली.

त्यात १ एप्रिल २०२३ पासनं नवा नियम. सरकारी, महापालिकांच्या वगैरे १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपली, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडायच्या. कॉम्प्युटर ई-कचऱ्यात, तो परवानावाल्यालाच द्यायचा. नियम चांगलाच आहे, नाही म्हणत नाही. पण जिथं एक फाईल हलेना तिथं आता तीन झाल्या.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. आमची गल्ली नाल्याच्या अंगाला, आवारात कमरेएवढं पाणी. म्हटलं, चला, नदीच नेतीय आता हे सगळं. कुठलं काय! खुर्च्या तरंगत माझ्याच भिंतीला येऊन टेकल्या. पूर ओसरल्यावर शिपाई आला आणि मोजून परत घेऊन गेला. मोजून, भावांनो!

तर काल ताईला म्हटलं, तुमच्या बाटलीतलं औषध तेवढं त्या ट्रॉलीत टाका. म्हणाली, "गेटला कुलूप आहे. चावी स्टोअरवाल्याकडं, आणि तो रजेवर."

माझ्या दारावर मात्र खडूनं तारीख घालून गेली.