पोकळ स्ट्रॉबेरी म्हणजे इंजेक्शन? आधी कापून तरी बघा

काल बहिणीने भाचीच्या डब्यातली स्ट्रॉबेरी काढून अख्खा बॉक्स कचऱ्यात टाकला, कारण फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता. त्यात म्हणे, मोठी आणि आतून पोकळ असेल तर रंगाचं नि साखरेचं इंजेक्शन दिलेलं, पाण्यात रंग सुटला तर फळ रंगवलेलं, आणि देठाशी पांढरी असेल तीच खरी, ती दोन दिवस बाहेर ठेवली की गोड होते. मला हा तिसऱ्यांदा आलाय, म्हणून एकदाच लिहिते.

पोकळ फळ उभं कापा. पोकळीच्या कडा पांढरट दिसतील. सुईने रंग तिथे सोडला असता तर सगळ्यात लाल तोच भाग नको का? शिवाय या फळाला जाड साल नाही, टोचलं की रस गळणार आणि लगेच बुरशी धरणार, मग ते विकणार कसं? पोकळी येते कारण बाहेरचा गर भराभर वाढतो आणि मधला गाभा तेवढा भरत नाही, काही जातींत मोठ्या फळांना हे होतंच.

आणि वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन म्हणाल तर ते हार्मोन फळ स्वतःच बनवतं. १९५० मध्ये निच नावाच्या शास्त्रज्ञाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरच्या सगळ्या बिया काढल्या तर वाढच थांबली, आणि ऑक्झिन हे वाढीचं हार्मोन लावल्यावर परत सुरू झाली. म्हणजे गर फुगतो तो बियांमुळे, आणि परागीभवन अर्धवट झालं, काही बिया भरल्या नाहीत, की तेवढीच बाजू खुरटून फळ वाकडं होतं. हां, याचाच अर्थ बाहेरून संजीवक, म्हणजे असं हार्मोन, फवारूनही वाढ करता येते, आणि फवारणीचे अंश राहू शकतात हेही खरं, एवढं मान्य. पण ती फवारणी झाली, सुई नाही.

पाण्यातला रंग? स्ट्रॉबेरीचा लाल रंग मुळातच पाण्यात विरघळतो, फळ चिरलं-दबलं की सुटणारच.

गोडी ठरते शेतात. ऊन चांगलं मिळालं तर पानं साखर बनवतात, रात्री गार असल्या तर ती कमी खर्च होते आणि फळ सावकाश पिकतं. ढगाळ हवा, गरम रात्री, तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी, नाहीतर नत्र जास्त झालं की तेच झाड पचपचीत, मऊ फळ देतं. मोठं फळ फिकं लागतं ते बऱ्याचदा यामुळे, आणि जातीमुळे.

सगळ्यात नुकसान करणारा सल्ला मात्र शेवटचा, दोन दिवस बाहेर ठेवायचा. केळ्यात स्टार्च साठलेला असतो, त्याची नंतर साखर होते. स्ट्रॉबेरीत तो साठा नसल्यातच जमा, देठ तुटला की साखर येणं बंद, बाहेर ठेवून रंग गडद होईल पण गोडी वाढणार नाही, उलट बुरशी लागेल आणि तीच आपण मुलांना देणार.

बहिणीला सांगितलंय, देठापर्यंत लाल आणि वास येणारी बघून घे, खायच्या आधी वाहत्या पाण्याखाली धू आणि त्याच दिवशी संपव.