राजीनामा द्या, कौतुक मिळवा

जुन्या गाडीची किंमत काढायला आमच्या डीलरशिपमध्ये एक खास माणूस होता. तो गाडीभोवती फिरायचा, रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्याला टेकवून कुठे ठोकाठोकी झालीय ते ओळखायचा, टायरची नक्षी किती झिजलीय ते बघायचा आणि शेवटी एक आकडा सांगायचा. जुन्या नोकराची किंमत काढायची सोय मात्र तिथे नव्हती. ती एकाच कागदावर कळते, आणि तो कागद आपला आपणच टाईप करावा लागतो.

मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. म्हणजे ग्राहक आणि मेकॅनिक यांच्यामध्ये उभं राहून दोघांचंही ऐकून घेणारा प्राणी. पुढे काचेच्या शोरूममध्ये विक्रीवाली मंडळी. त्यांनी गाडी विकली की घंटा वाजते, टाळ्या पडतात, फोटो निघतो. आमच्या वर्कशॉपात गाडी दुरुस्त झाली की ग्राहक विचारतो, "मग मुळात बिघडली कशी?" खरं तर नव्या गाडीवर डीलरला सुटतं तसं बेताचंच, जागेचा आणि पगाराचा खर्च बराचसा सर्व्हिस आणि स्पेअर पार्टच्या कमाईतून निघतो. धंद्यातल्या पोरासोरालाही हे ठाऊक असतं. तरी घंटा पुढेच.

आता एक उदाहरण सांगतोच, कारण त्याशिवाय माझी जळजळ कळणार नाही. एका गाडीत मागून टकटक आवाज येत होता. ग्राहक एकटा चालवताना यायचा, आमच्याकडे ट्रायलला नेली की गप्प. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बघून झाले, बुश बघून झाले, डिकीतली स्टेपनी आवळून झाली. दर वेळी एक जण चालवणार आणि दुसरा मागे बसून कान लावणार. आवाज नाहीच. जॉब कार्डावर "दोष आढळला नाही" असं लिहून गाडी परत द्यायची, की गाडी पुन्हा हजर. शेवटी एकदा मी एकटाच ती घेऊन निघालो, आणि टकटक सुरू! मागच्या रिकाम्या सीटबेल्टची धातूची जीभ दाराशेजारच्या प्लास्टिकवर आपटत होती. आमचा कान लावणारा शिस्तीचा. मागे बसला की आधी बेल्ट लावायचा. आवाज बंद करून तो आवाज शोधत होता.

मी तिथे फेल्टची एक पट्टी चिकटवली. काम फत्ते. मॅनेजरसाहेबांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "बिल किती झालं?"

"काहीच नाही सर. पट्टी तर होती."

"म्हणजे दोन तास फुकट."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण पुढे सर्व्हेचा फोन असतो. "आमची शिफारस तुम्ही इतरांना कितपत कराल, ० ते १०?" २००३ मध्ये एका अमेरिकी व्यवस्थापन सल्लागाराने ही मोजपट्टी मांडली आणि तेव्हापासून जगभरचे काउंटरवाले तिच्याखाली दबलेले आहेत. ९ किंवा १० दिले तर ग्राहक तुमचा. ० ते ६ दिले तर तुमच्या मुळावर. आणि ७-८ वाला हिशेबातच धरत नाहीत. ना इकडचा, ना तिकडचा. पहिल्यांच्या टक्क्यांतून दुसऱ्यांचे टक्के वजा करायचे आणि जो आकडा उरेल त्यावर आमचा इन्सेंटिव्ह. तर आमच्या टकटकवाल्या गृहस्थांनी मनापासून खूश होऊन ८ दिले. मी हात जोडून कारण विचारलं. म्हणाले, "अहो, ८ म्हणजे खूप झाले. १० मी माझ्या मुलालाही देत नाही." त्या मुलाबद्दल मला आजही सहानुभूती वाटते.

बिल्ल्याचंही सांगायला हवं. गाडीच्या चासी नंबरात १७ अक्षरं-आकडे असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत. १ आणि ० शी गल्लत नको म्हणून. एवढी काळजी लोखंडाची. माझ्या बिल्ल्यावर आडनावातलं एक अक्षर पहिल्या दिवसापासून गायब होतं. दुरुस्तीचा अर्ज "प्रोसेसमध्ये" होता.

दुसरी नोकरी अशी आली की एका कंपनीच्या गाड्यांचा ताफा आमच्याकडे सर्व्हिसिंगला यायचा. तिथले वाहतूक विभागाचे प्रमुख माझ्या काउंटरवर उभे राहत. गाडी वेळेत होणार नसेल तर मी त्यांना आधीच फोन करतो, एवढंच त्यांनी हेरलं होतं. "आमच्याकडे या, सगळा ताफा तुम्हीच सांभाळा," म्हणाले. पगार जास्त, रविवारी सुट्टी. मी विचार करायला वेळ मागितला, तो केवळ रीत म्हणून.

राजीनामा दिला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तो वाचला, पालथा घातला आणि दार लावून घेतलं. ते दार लागतं हे मला तेव्हाच कळलं.

"अरे, तुझं नाव प्रमोशनसाठी वर गेलंय."

"वर कुठे, सर?"

त्यांनी छताकडे बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर आम्ही अपघातातल्या गाड्यांचे काढलेले बंपर ठेवत असू.

मग पगाराची गोष्ट निघाली. आदल्या वर्षी वाढ मागितली होती तेव्हा मार्केट डाऊन होतं. ते बरोबर माझ्या राजीनाम्याच्या दुपारी सावरलं. संध्याकाळी खुद्द मालकांनी बोलावलं. "तुझ्यासारखी माणसं म्हणजे आपल्या संस्थेचा कणा," असं म्हणून त्यांनी मला आडनावाने हाक मारली. बिल्ल्यावर बघून मारली, त्यामुळे एक अक्षर कमी.

नोटीस पिरियड म्हणजे तर नुसती चैन. जो स्पेअर पार्टवाला एका ऑइल फिल्टरसाठी मला खिडकीबाहेर तिष्ठत ठेवायचा, तो आता पार्ट आणून हातात द्यायचा. मॅनेजरसाहेब चारचौघांत खांद्यावर हात ठेवायचे. शिकाऊ पोरं वही घेऊन मागे फिरायची, कारण "याच्याकडून सगळं काढून घ्या" असा हुकूम निघाला होता. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग दर वर्षी एकदा राजीनामा देत जा की." सूचना वाईट नव्हती.

एचआरच्या मॅडमनी फॉर्म दिला. नोकरी सोडण्याचं कारण: उच्च शिक्षण, विवाह, प्रकृती, स्थलांतर, इतर. मी "इतर"वर खूण केली. पुढे कारण लिहायला अंगठ्याएवढी जागा होती. त्यानंतर ना-देय पत्रकासाठी सह्यांची वारी. टूल रूमने माझ्या नावावर एक टॉर्च काढली. वॉशिंगच्या मुलाने सही करायच्या आधी बराच वेळ विचार केला, "साहेब, तुमच्याकडून मला काय येणं असू शकतं?" काहीच सुचेना, तेव्हा नाइलाजाने सही केली.

शेवटी अनुभवाचं पत्र हातात पडलं. छान जाड कागद, शिक्का, खाली मॅनेजरसाहेबांची लफ्फेदार सही. "यांची आमच्याकडील कामगिरी समाधानकारक होती." म्हणजे ७-८. म्हणजे हिशेबातच न धरण्याजोगी. मी साहेबांकडे गेलो आणि अगदी सर्व्हेवाल्या आवाजात विचारलं, "सर, १० न देण्याचं काही विशेष कारण?"

"अरे, ठरलेला मजकूर असतो तो," ते म्हणाले. "आणि जाता जाता त्या पोरांना ती पट्टी कुठे चिकटवायची ते दाखवून जा. टकटकवाली अजून एक आलीय."